पस्तीस हजारांतले अठ्ठावीस

“पस्तीस हजार पगार आहे गं त्याला. आणि बहिणीच्या फीसाठी दहा हजार मागितले तर गप्प बसतो. संगत तर बिघडली नाही ना? तू पुण्यातच आहेस, एकदा जाऊन बघून ये.”

मावशीचा हा फोन आला तेव्हा तिच्या मुलाला पुण्यात नोकरी लागून जेमतेम चार महिने झाले होते. लातूरकडच्या एका गावातला हा मुलगा. वडिलांचे शिवणकामाचे दुकान, धाकटी बहीण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. घरात दरमहा ठरलेला पगार आणणारा हा पहिलाच. नेमणुकीचे पत्र आले त्या दिवशी मावशीने गल्लीभर पेढे वाटले आणि पत्रातला वर्षाचा ४ लाख २० हजारांचा आकडा बाराने भागून सगळ्यांना सांगितला : महिना पस्तीस हजार!

रविवारी मी त्याच्याकडे गेले. चार मुलांनी मिळून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. दोरीवर कपडे वाळत होते, कोपऱ्यात पुस्तके नीट लावलेली होती. संगतीत काही वावगे दिसले नाही. बिघडला होता तो हिशेब. महिन्याची १८ तारीख, खात्यात ६४० रुपये आणि क्रेडिट कार्डाचे १५ हजार थकलेले.

“ताई, मी उधळपट्टी करत नाही गं. पैसे जातात कुठे तेच कळत नाही,” एवढे बोलून तो खाली बघत राहिला.

मग आम्ही एक वही घेतली आणि दोन तास बसलो. दरवर्षी हजारो मुलेमुली शिक्षण संपवून घर सोडतात, नव्या शहरात जातात, पहिला पगार घेतात. त्यांतल्या कित्येकांची पंधरा तारखेनंतर हीच अवस्था होते. म्हणून त्या दोन तासांत वहीत जे उतरले ते इथे देत आहे.

पत्रातला पगार आणि हातातला पगार

सगळ्यात आधी आम्ही त्याचे नेमणूकपत्र आणि पगाराची पावती शेजारी शेजारी ठेवली. पत्रात जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो त्याला ‘सीटीसी’ म्हणतात. कंपनीला तुमच्यावर वर्षभरात होणारा एकूण खर्च, असा त्याचा अर्थ. तो सगळा तुमच्या हातात पडत नाही.

त्याच्या पत्रातल्या ३५ हजारांपैकी १,८०० रुपये हा भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा हिस्सा होता. सुमारे ८४० रुपये ग्रॅच्युइटीपोटी धरलेले होते. ही रक्कम नोकरी सोडताना मिळते, आणि कायम नोकरीत त्यासाठी साधारण पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ३६० रुपये सामूहिक आरोग्य विम्याचे. आणि २ हजार रुपये असे होते, जे वर्षाच्या शेवटी काम पाहून बोनस म्हणून मिळणार होते, मिळाले तर. हे ५ हजार गेले. उरलेल्या ३० हजारांतून भविष्यनिर्वाह निधीतला त्याचा स्वतःचा हिस्सा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला गेला. हातात आले २८ हजार.

आयकर कापला गेला नव्हता. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत पगारदाराला वर्षाला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर आयकर भरावा लागत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पहिला पगार झाला की ‘कर वाचवायला’ म्हणून पॉलिसी विकायला येणारे ओळखीचे काका हमखास भेटतात. जो कर लागतच नाही तो वाचवण्यासाठी वीस वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेऊ नका.

भविष्यनिर्वाह निधीची कपात मात्र तोटा समजू नका. ते तुमचेच पैसे आहेत आणि त्यावर व्याज मिळते. त्यासाठी मिळणारा यूएएन क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. नवी नोकरी लागली की जुनी रक्कम काढून खर्च करण्यापेक्षा नव्या खात्यात वळवून घ्यावी. वारस म्हणून आई किंवा वडिलांचे नाव लगेच नोंदवून टाकावे.

थोडक्यात, अंदाजपत्रक मांडायचे ते पगाराच्या पावतीतल्या शेवटच्या ओळीवर. पत्रातला आकडा लग्नाच्या स्थळांना सांगायला ठीक, घरभाडे ठरवायला नाही.

पहिल्या महिन्याचा खड्डा

“पण २८ हजारांतही चार महिन्यांत एवढे कर्ज का व्हावे?” मी विचारले. त्याचे उत्तर पहिल्या महिन्यात सापडले.

फ्लॅटचे भाडे २८ हजार, म्हणजे प्रत्येकी ७ हजार. मालकाने दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेतले, त्यातला याचा वाटा १४ हजार. एजंटची दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी, तिचा वाटा ७ हजार. गादी, चादर, बादली, कुलूप, इस्त्री, ऑफिसचे बूट असे करता करता ५ हजार. झाले ३३ हजार! पगार होईपर्यंतचे खाणे आणि बस यांचे ५ हजार धरले तर ३८ हजार. वडिलांनी निघताना हातावर ठेवले होते २० हजार. कामावर तो ११ तारखेला रुजू झालेला, त्यामुळे पहिला पगारही वीसच दिवसांचा. आणि त्यातून त्याने काय केले? पहिला पगार म्हणून १० हजार रुपये आईला पाठवून दिले.

कमी पडले ते थोडे मित्राकडून उसने घेतले आणि बाकीचे बँकेने पगार खात्याबरोबर दिलेल्या क्रेडिट कार्डावर टाकले. मित्राचे फिटले, कार्डाचे राहिले.

नव्या शहरात पाय ठेवताना हा खड्डा प्रत्येकाच्या वाट्याला येतो. तो आधीच मोजलेला असला तर कुणी त्यात पडत नाही. निघण्यापूर्वी घरच्यांबरोबर बसून तीन गोष्टी विचाराव्यात. पहिला पगार कोणत्या तारखेला आणि किती दिवसांचा मिळणार? काही कंपन्यांत महिन्याच्या मध्यानंतर रुजू झालेल्यांचा पगार पुढच्या महिन्यात जोडून देतात, म्हणून हे आधीच विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट, राहण्याची सोय लावायला एकरकमी किती लागतील? आणि तिसरी, तोपर्यंत जेवायचे कशातून?

एवढी रक्कम जवळ नसेल तर पहिले दोन-तीन महिने फ्लॅटच्या मागे न लागता ‘कॉट बेसिस’वर किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहावे. तिथे अनामत कमी असते, दलाली बहुधा लागत नाही, पलंग-गादी तिथलीच असते. शहर ओळखीचे झाले, ऑफिसला कुठून किती वेळ लागतो ते कळले, चार माणसे पारखली गेली, की मग फ्लॅट घ्यावा.

फ्लॅट घेताना करारात राहणाऱ्या सगळ्यांची नावे असावीत आणि अनामत रक्कम बँकेतूनच द्यावी, म्हणजे परत मागताना पुरावा राहतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार घरभाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अनामतीच्या बाबतीत प्रत्येक शहराची रीत वेगळी. बंगळूरुमध्ये मालक कित्येक महिन्यांचे भाडे आगाऊ मागतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, पण तो कायदा ज्या राज्याने स्वीकारला तिथेच लागू होतो. तेव्हा जाल त्या शहराची रीत आधी विचारून घ्या.

‘किमान रक्कम’ नावाचे गोड औषध

“कार्डाचे पैसे मी दर महिन्याला भरतो ताई. एकही तारीख चुकवलेली नाही,” तो जरा अभिमानाने म्हणाला. तो भरत होता ती बिलाच्या कोपऱ्यात छापलेली ‘किमान देय रक्कम’. १५ हजारांच्या बिलावर ७५० रुपये.

मग आम्ही बिलावरचा व्याजदर शोधला. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्याही वर. १५ हजारांवर एका महिन्याचे व्याज झाले ५२५ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ९५ रुपये. एकूण ६२०. त्याने भरलेल्या ७५० रुपयांपैकी मूळ कर्ज कमी झाले ते १३० रुपयांनी! शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. चहा-पोहेसुद्धा व्याजाने खाणे चालले होते म्हणा ना.

वहीत हा आकडा उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्ही ठरवले : कार्ड कपाटात ठेवायचे, दरमहा ३ हजार भरायचे. हिशेब केला तर सहाव्या महिन्यात कर्ज संपत होते.

फोनवरच्या झटपट कर्जाचे अॅप मात्र त्याने उघडले नव्हते, एवढे नशीब. कुणाला तशी वेळ आलीच तर एवढे माहीत असू द्या : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असे कर्ज थेट तुमच्या बँक खात्यात जमा झाले पाहिजे, सगळा खर्च धरून व्याजदर आधी सांगितला पाहिजे आणि अॅपला तुमच्या फोनमधली संपर्क यादी किंवा फोटो पाहण्याचा अधिकार नाही. जे अॅप संपर्क यादी मागते त्याला तिथेच नमस्कार करावा.

अठ्ठावीस हजारांची मांडणी

मग नवे पान घेतले आणि वरच्या ओळीत लिहिले २८,०००. खाली असे मांडले :

राहणे : भाडे ७,०००, वीज, इंटरनेट, गॅस, मोलकरीण यांचा वाटा १,३००. एकूण ८,३००.
खाणे : मेसचे दोन वेळचे जेवण ३,५००, नाश्ता, चहा, दूध, फळे १,५००. एकूण ५,०००.
जाणे-येणे आणि फोन : बसचा पास आणि अधूनमधून रिक्षा १,८००, रिचार्ज ३००. एकूण २,१००.
घरी पाठवायचे : ५,०००.
कार्डाचे देणे : ३,०००.
शिल्लक : २,०००.
कपडे, साबण, औषधे, केस कापणे : १,०००.
गावी जाण्यासाठी : ७००.
मौज : ९००.

बेरीज बरोबर २८ हजार. हे आकडे त्याचे आहेत. तुमच्या शहरात आणि तुमच्या पगारात ते वेगळे येतील, पण ओळी ह्याच राहतील. दोन ओळींबद्दल थोडे सांगायला हवे.

‘मौज ९००’ ही ओळ तो लिहूच देत नव्हता. कर्ज असताना सिनेमा कसला, असे त्याचे म्हणणे. पण बावीस वर्षांच्या मुलाला मित्रांबरोबर बसायला एक पैसाही ठेवला नाही तर ते अंदाजपत्रक तीन आठवडे टिकते आणि चौथ्या आठवड्यात एकदम मोडते. ओळ असू द्यावी, तिला कुंपण घालावे.

मुलींच्या अंदाजपत्रकात मात्र रात्री उशिरा सुटल्यावर करावी लागणारी रिक्षा मौजेत धरू नये. ती भाड्याइतकीच गरज आहे. त्यासाठी वेगळे पैसे ठेवावेत आणि ते वाचवण्याच्या मोहात पडू नये. तसेच ऑफिसपासून लांबचे स्वस्त घर घेताना वाचलेले भाडे आणि वाढलेला प्रवास यांची वजाबाकी आधी करावी.

पगाराच्या दिवशीच चार कामे

मांडणी सोपी असते, पाळणे अवघड. आपल्या आजीच्या काळी पगार रोख यायचा आणि डब्याडब्यांत वाटून ठेवला जायचा : वाण्याचा, दूधवाल्याचा, फीचा. डबा रिकामा झाला की डोळ्यांना दिसायचे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि सगळे डबे एका फोनात जाऊन बसले. वीस रुपयांचा चहा आणि दोन हजारांचे बूट, दोन्ही बोटाच्या एकाच टोकाने जातात. पैसे जातात कुठे ते कळत नाही, ही तक्रार खरीच आहे.

म्हणून डबे पुन्हा करायचे. पगार जमा झाला त्याच दिवशी चार कामे : भाडे देणे, घरी पाठवणे, कार्डाचा हप्ता भरणे आणि शिल्लक बाजूला काढणे. शिल्लक काढण्यासाठी बँकेत आवर्ती ठेव, म्हणजे आरडी उघडावी आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापली जाईल असे सांगून ठेवावे. महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू म्हटले तर महिन्याच्या शेवटी काही उरत नाही.

मेस, पास आणि रिचार्जचे पैसेही पहिल्या आठवड्यात देऊन टाकावेत. मग नाश्ता, किरकोळ आणि मौज मिळून त्याच्याजवळ ३,४०० रुपये राहत होते. त्यासाठी दुसरे एक बचत खाते घेतले आणि फोनवरून पैसे देण्यासाठी फक्त तेच जोडले. दर सोमवारी त्यात ८०० रुपये टाकायचे. शनिवारी खाते रिकामे झाले तर रविवारी खोलीवर पोहे करायचे. २०० रुपये वरचे राहतात, ते महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांना.

शिल्लक किती व्हावी? त्याचे राहणे, खाणे आणि जाणे-येणे मिळून १५,४०० होतात. अशा तीन महिन्यांचे, म्हणजे सुमारे ४६ हजार रुपये जमेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही गुंतवणुकीचा विचार नको. नोकरी गेली, आजारपण आले, तर हे पैसे आधार देतात. सहा महिने दोन-दोन हजार, आणि कार्ड फिटल्यावर तिथले तीन हजारही इकडे वळवले, तर तेराव्या महिन्यात तेवढी रक्कम उभी राहते.

हे पैसे बँकेतच ठेवावेत. बँकेतल्या ठेवींना २०२० पासून प्रत्येक बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. चार टक्के जास्त मिळतात म्हणून अडीअडचणीचे पैसे तिथे नेऊन ठेवू नयेत.

सगळ्यात अवघड फोन

हे सगळे लिहून झाले तरी एक काम उरले होते. घरी ५ हजार पाठवायचे, असे आम्ही वहीत लिहिले. पण घरी तर ‘पस्तीस’चा आकडा पोहोचला होता. तो आकडा त्याने स्वतः सांगितला नव्हता. फक्त दुरुस्तही केला नव्हता. आईच्या बोलण्यातला आनंद बघून त्याचा धीर झाला नाही. दर महिन्याला तो थोडे जास्त पाठवायचा आणि उरलेला महिना कार्डावर काढायचा. कर्जाचे मूळ तिथे होते. सिनेमा-हॉटेलने त्यात फार भर घातली नव्हती.

“वडिलांना फोन कर,” मी म्हटले. तो अर्धा तास टाळत होता. शेवटी केला. हातात अठ्ठावीस येतात, कार्डाचे पंधरा देणे आहे, पुढचे सहा महिने पाचच पाठवू शकेन. एका दमात सांगून टाकले. पलीकडे जरा वेळ शांतता. मग वडील म्हणाले, “अरे, मग आधी नाही का सांगायचं? फीचं मी बोलतो कॉलेजात, दोन हप्ते करून देतील. तू ते व्याजाचं आधी संपव.”

आयुष्यभर दुकानाच्या वहीत उधारी-जमा लिहिलेल्या माणसाला हे कळायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मुलानेच त्यांना चार महिने ती संधी दिली नव्हती.

आईवडिलांनाही एक सांगावेसे वाटते. मुलगा किंवा मुलगी कमवायला लागली की ‘पगार किती’ हे सगळे विचारतात. ‘हातात किती येतात आणि तुला तिथे किती लागतात’ हे घरातल्या कुणीतरी विचारायला हवे. घरी पैसे पाठवणे ही लाजेची किंवा उपकाराची गोष्ट नाही. आपल्याकडे कितीतरी घरे त्यावर उभी राहिली आहेत. पण ती रक्कम दोघांनी मिळून ठरवलेली असावी, म्हणजे पाठवणाऱ्यावर कर्ज होत नाही आणि घेणाऱ्याच्या मनात संशय येत नाही.

ती वही अजून त्याच्याकडे आहे. कार्डाचे देणे ठरल्याप्रमाणे सहाव्या महिन्यात फिटले आणि त्या ओळीतले ३ हजार आता शिल्लकेच्या ओळीत जातात. मधे एका महिन्यात दाढदुखी निघाली आणि आरडी मोडायची वेळ आली होती, तेव्हा गावी जाणे एक महिना पुढे ढकलून त्याने ते भागवले. मावशीचा फोन अधूनमधून येतो. परवा म्हणाली, “दोन तारखेला पाच हजार येतात गं बरोबर. मी पण आता सगळ्यांना अठ्ठावीसच सांगते.”